उसाची ओळ

—नाही, बसा. आलातच आहात तर बसा आता. दारात उभं राहून कसली माफी मागता? समोरची मिसेस मूनसामी पडद्याआडून बघतेय, उद्या देवळात सांगत सुटेल, सिंतामणीनं चेन्नईहून आलेल्या नाचाच्या बाईला उंबऱ्याबाहेर उभं केलं म्हणून. त्या खुर्चीवर नको, डुगडुगते ती. इकडे बसा. चहा ठेवलाय—माझ्यापुरता ठेवला होता, पाणी वाढवते. दूध डब्यातलं आहे, गोडच असतं, वर साखर मागू नका. आणि ते 'सॉरी अक्का, सॉरी अक्का' आधी बंद करा. सकाळी हॉलमध्ये तालमीला सगळ्या पोरींच्या देखत, त्यांच्या आयांच्या देखत हसलात, तेव्हा नाही आठवली अक्का? काय म्हणालात? हसला नाहीत? मैथिली मॅडम, ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतंत तुम्ही. खांदे हलत होते. मी गात होते, हातात तालाची काठी होती, नजर पोरीच्या पायांवर होती, तरी दिसलं मला. इतकी वर्षं पोरी शिकवतेय, कोण कुठल्या कोपऱ्यात हसतंय ते मला पाठ केली तरी कळतं.

बरं, हसलात ते हसलात. हसू कोणालाही येतं, आमच्या इथे प्रेताजवळ बसलेल्या बायकांनाही येतं. पण मग उठलात कशाला? माझं गाणं चालू, ताल चालू, आणि सरळ वर चढून माझ्या केरुशाचा, माझ्या पोटच्या पोरीचा हात धरून थांबवलंत तिला. 'अक्का, ही काय करतेय?' म्हटलं, ऊस तोडतेय. दिसत नाही? डाव्या हातात ऊस धरलाय, उजव्या हातात कोयता आहे, कमरेत वाकलीय—यात न कळण्यासारखं काय आहे? तर म्हणता, 'पण कृष्ण ऊस कशाला तोडेल?' आणि मग शाळेतल्या बाईसारखं, मागच्या खुर्च्यांना ऐकू जाईल असं—'करुंबु नाही अक्का, कुरुंबु. करुंबु म्हणजे ऊस. कुरुंबु म्हणजे खोडी. यशोदा म्हणतेय, कण्णा, खोड्या करू नकोस.' खोड्या! एवढ्याशा फरकानं! ओठ जरा पुढे काढले की कु, नाही काढले की क. आणि आम्ही म्हणे आजीच्या वेळेपासून ओठ पुढे काढायचे विसरलो, म्हणून आमचा कृष्ण गोकुळ सोडून इथे आफ्रिकेत, नाताळ प्रांताच्या उसात राबतोय. बघा, मीच सांगतेय तर मलाही हसू येतंय. हसा आता. इथे कोणी नाही, हसा की.

नाही हसत. आता नाही हसायचं, आता माफी मागायचीय.

आणि वर स्वतः नाचून दाखवलंत. ते कोणी सांगितलं होतं? चवड्यांवर आलात, मान वळवून इकडे बघितलंत, तिकडे बघितलंत, शिंक्यातलं मडकं काढलंत, बोट बुडवलंत, चाटलंत—आणि सुंदर केलंत. नाही कशाला म्हणू, डोळे शाबूत आहेत माझे. क्षणभर मलाही ते लोणी दिसलं. तुमच्या बोटावरून ओघळताना दिसलं. सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोरी, मी वळण लावलेल्या पोरी, माझ्या हॉलमध्ये! अडाणीपणे केलं असतंत तर मी तिथेच काठी आपटून खाली उतरवलं असतं तुम्हाला. पण तुम्ही ते असं केलंत की काठी माझ्या हातातच राहिली, आणि केरुशानं माझ्याकडे बघितलं. तुम्ही नाही बघितलंत ते, तुम्ही टाळ्या घेत होतात. मी बघितलं. नवऱ्याच्या ऑफिसात गेलं आणि त्याचा साहेब त्याला सगळ्यांसमोर बोलला, की बायको कशी खिडकीबाहेर बघायला लागते—तसं बघितलं पोरीनं. माझ्याकडे बघून पुढे खिडकीकडे.

घ्या, चहा घ्या. कडू झाला असेल. होऊ दे.

दुपारपासून फोन थांबत नाहीये. मूनसामी तर स्वतः आली, हातात चिली बाइट्सचं, भज्यांचं ताट घेऊन—ताट निमित्ताला. 'सिंतामणी, मला एक सांग, ही एकच ओळ चुकीची का बाकीचंही? नाही, माझ्या प्रेनिषाला तू पाच वर्षं शिकवतेयस म्हणून विचारलं.' म्हटलं, तुझी प्रेनिषा पाच वर्षं झाली तरी डावा पाय उजवा म्हणून टाकते, तिच्या बाबतीत काही बिघडायचं राहिलं नाही. गेली ताट घेऊन. ताटसुद्धा परत घेऊन गेली! आणि मग जेवायला बसताना ही—माझी पोरगी—मीठ वाढायला सांगावं तशी म्हणते, 'अम्मा, शनिवारी तू बरोबर म्हण. कुरुंबु म्हण. मी लोण्याचं बसवून घेते, दोन दिवस आहेत.' म्हटलं, काय बसवून घेतेस? तुझं अरंगेट्रम आहे, रंगमंचावरचा पहिला नाच, की चाचणी परीक्षा, की सकाळी उत्तर बदललं न् दुपारी नवीन पाठ केलं? म्हणते, 'एका अक्षराचा तर प्रश्न आहे, ओठ पुढे काढ नुसते.' आणि काढून दाखवले! मला! तिचे वडील आमटीत भात कालवत म्हणतात, गा गं, काय बिघडतंय. त्यांना काय, शनिवारी ते बिर्याणीच्या हंड्यापाशी असणार, वर कृष्ण काय करतोय ते त्यांना कोण विचारतंय. मी उठले. ती पण उठली, निघाली. मी मनगट धरलं तिचं. म्हटलं, कुठे निघालीस? जोरात धरलं असेल. लाल झालं होतं म्हणे. झालं असेल. काठी धरून धरून हात असा झालाय, हलकं धरताच येत नाही मला.

काय म्हणालात? मला अर्थ माहीत नव्हता, त्यात माझी चूक नाही? मोठं मन आहे हो तुमचं. नव्हताच माहीत. चौथीत शाळा सुटली माझी, आई कपड्याच्या कारखान्यात जायची, मागे धाकटी तिघं होती, त्यांचं करायला मी. देवळातल्या तमिळ शाळेत दुपारी पोरं बसायची, मी बाहेरून जाताना ऐकायची, एवढंच माझं तमिळ. घरात कोण बोलत होतं? अव्वा—माझी आजी—एकटी बोलायची, आणि तिच्याशी बोलायला तिच्या बरोबरीचं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मग तीही थांबली. नाच तेवढा राहिला. पदं तेवढी राहिली. मी ती कानानं उचलली, हातानं उचलली. अव्वा म्हणायची, हात असा, डोळे असे, मी तसे करायची. तुम्ही पुस्तक उघडून शिकलात, गुरूनं समजावून शिकलात—चांगलं आहे. आमच्याकडे तेव्हा चेन्नईहून येत कोण होतं? तुमच्या देशानं या देशाशी बोलणंच टाकलं होतं. बरोबर केलं म्हणे, गोऱ्या सरकारला धडा शिकवायचा होता. शिकवा ना. पण आमची चूक दाखवायला एक बाई यायची नाही, एक पत्र यायचं नाही, तेव्हा ह्या गॅरेजमध्ये गाडी बाहेर पावसात ठेवून मी पोरींना उभं करत होते. आता सरकार बदललं, विमानं सुरू झाली, आणि पहिल्या विमानातून आलं काय, तर हसू.

आणि समजा, सगळंच चुकीचं निघालं तर? तो वर्णम आहे ना शनिवारचा, सगळ्यात मोठा नाच, ज्यात ती बाई दारात उभी राहून वाट बघते—दारातच असते ना ती? वाटच बघते ना? का तेही—

नको. सांगू नका. मी विचारलं नाही तुम्हाला. तोंड उघडू नका म्हणतेय ना!

शनिवारपर्यंत मला काही कळायला नको आहे.

ऐक, पोरी. आता तू म्हणते तुला, राग मानायचा तर मान, माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान आहेस तू. ही ओळ माझ्या अव्वाला कोणी दिली माहितीये? तिच्या मावशीनं. ती मावशी तिकडे तंजावूरकडच्या कुठल्या देवळात नाचणाऱ्यांच्या घरातली होती म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही, इथे आलेल्या प्रत्येकाचं घर तिकडे मोठंच होतं. मजुरीच्या करारावर अंगठा उमटवला, बोटीत बसली, उतरल्यावर कोयता दिला हातात. मजुरांच्या लाइनीच्या खोल्यांच्या मागे, सरदाराचं, म्हणजे मुकादमाचं, लक्ष नाही असं बघून तिनं भाचीला शिकवलं. आता तिनं काय शब्द शिकवला—खोडी शिकवला का ऊस शिकवला—हे तुला कसं माहीत? तू होतीस तिथे? पोरीनं चुकीचं ऐकलं असेल. फडात जन्मलेली पोर, तिला करुंबुच ऐकू येणार, खोडी करायला वेळ कोणाला होता. नाहीतर मावशीनंच बदलला असेल, मुद्दाम. नाही, मला माहीत नाही. मी कुठे म्हणते मला माहीत आहे. तुलाही माहीत नाही एवढंच म्हणते.

पण मला तमिळ येत नाही तरी त्या ओळीतलं 'कण्णा' कळतं. 'करुंबु' कळतं. आणि 'नको' कळतं. एवढं इथल्या प्रत्येक बाईला कळायचं. कण्णा, ऊस नको. बाळा, उसात जाऊ नकोस. तू सकाळी अर्धंच बघितलंस, तू हसण्यात गुंतलीस. ऊस तोडणं हा त्यातला पहिला भाग झाला, तो पोरगा करतो. नंतर आई येते. येऊन मनगट धरते त्याचं, कोयत्यासकट धरते, आणि नुसती बघते. रागावत नाही, कान पिळत नाही. बघते. अव्वा ते करायची तेव्हा आम्ही पोरं भिंतीला चिकटून बसायचो. अव्वाचा थोरला, मुरुगेस, माझा मोठा काका—मी नाही बघितला त्याला, कोणीच नाही बघितला, फोटो नाही त्याचा. दहा वर्षांचा होता. तोडणीआधी ऊस पेटवतात ना इथे, पाला जळून जावा म्हणून. चारी बाजूंनी पेटवला, आणि तो आत होता. ससा धरायला गेला होता म्हणतात. कोणी म्हणतं कोयता राहिला होता आत, तो आणायला पाठवलं होतं. अव्वा कधीच बोलली नाही त्यावर. ती ओळ मात्र रोज करायची. भांडी घासून झाली की, ओल्या हातांनी. तुझ्या शब्दकोशात काय लिहिलंय त्या ओळीचा अर्थ? खोडी. बरं. लिहिलं असेल.

आता रडू नकोस. मी रडवायला नाही सांगितलं. मी रागावलेय, तू रडलीस की मला रागावता येत नाही, आणि मला रागवायचंय.

काय? दोन्ही? म्हणजे कसं दोन्ही? हां, ओळ चार वेळा म्हणायची, दोनदा लोणी, दोनदा ऊस. वा. म्हणजे अर्ध्या ताटात भात आणि अर्ध्यात केक. सासरचे पण खूश, माहेरचे पण खूश. नाही गं बाई, तुझं मन चांगलं आहे, कळतं मला, पण हे असं वाटून घ्यायला ही काय देवळातली खिचडी आहे? एक तर ती आई म्हणतेय, खोड्या करू नकोस रे लबाडा, आणि हसतेय. नाहीतर ती म्हणतेय, तिकडे जाऊ नकोस, मरशील. एका तोंडानं दोन्ही कशी म्हणेल ती? आणि लोण्यावर टाळ्या पडणार हे मला आजच कळलं, उसाच्या वेळेला लोक वाट बघत बसतील, लोणी पुन्हा कधी येतंय म्हणून.

चूक असेल तर चूक असू दे ना. आमची आहे. तुमच्याकडे खोड्यांची हजार पदं असतील, लोणी खाऊन खाऊन तुमचा कृष्ण अजीर्णानं लोळत असेल. ऊस तोडणारा आमच्याकडेच आहे, एकच. त्यालाही दुरुस्त करून घेऊन जायचंय? आणि मग कोणाला घेऊन जायचंय? नाही, सांग ना. मी ऐकलं तू तिला काय म्हणालीस ते. मी चपला घालत होते दाराशी. 'अंग फार छान आहे तुझं, नीट हातात पडलीस तर कुठल्या कुठे जाशील.' नीट हातात. माझे हात काय आहेत मग? दोन वर्षं चेन्नईला, तुझ्या गुरूंकडे, राहायची सोय होईल—सगळं ऐकलं. ती माझ्याशी बोलली नाही अजून त्यातलं काही. मी वाट बघतेय. शनिवार होऊ दे म्हणून गप्प असेल. जेवताना निघाली तेव्हा मला वाटलं, आता सांगते—म्हणून धरलं मनगट. ती नुसती कॉलेजची बॅग आणायला चालली होती, आतल्या खोलीत. आतल्या खोलीत चालली होती पोरगी, आणि मी—

जाऊ दे. चहा गार झाला तुझा. ओतून देते, दुसरा करते. थांब.

रेडिओ लावला का कोणी?

नाही, थांब, बोलू नकोस. गॅरेजमधून येतंय. तंबोरा आहे. कॅसेट आहे ही. माझं पद आहे—आणि हा आवाज—

हा तुझा आवाज आहे.

कधी दिलीस? आज? हॉलमध्येच? म्हणजे तू पायऱ्या चढून माझ्या दारात आलीस, सॉरी अक्का म्हणालीस, माझ्या घरात बसून माझ्या अव्वाचं ऐकलंस, डोळे पुसलेस, आणि कॅसेट आधीच तिच्या बॅगेत! ह्याला काय म्हणतात तुमच्या पुस्तकात? काय? मोठ्यानं बोल. तिनं मागितली?

तिनं मागितली.

आज नाही? गेल्या महिन्यात, तू आलीस तेव्हाच मागितली?

म्हणजे गेल्या महिन्यापासून तिला माहीत आहे. माझ्यासमोर रोज ऊस तोडत होती आणि तिला माहीत होतं. आणि सकाळी तू सगळ्यांसमोर थांबवलंस ते—नाही, राहू दे. कोणी कोणाला काय सांगितलं, मला नाही ऐकायचं. गप्प बस. ओळ येतेय.

ऐक आता. ऊस तोडायला वाकली की टाच बसते तिची, सिमेंटवर, आख्ख्या गल्लीत ऐकू जाते. आता बघ. शब्द तुझा लागू दे कॅसेटमध्ये, काय लागायचा तो, पण अंगात काय आहे ते टाचेत कळेल. कळेल तुला. बघ आता—

...

पुन्हा म्हणेल ती ओळ. थांब.

...

चवड्यांवर गेली.

तू पण ऐकलंस ना? काहीच नाही वाजलं. घुंगरू वाजलं जरासं, ते मडकं काढताना वाजलं असेल. मांजरासारखी गेली. चांगली जातेय? खरं सांग, तुला कळतं त्यातलं. मला आता काही सांगू नकोस, नुसतं हो का नाही ते सांग.

हं.

चांगलीच जाणार. पाय मी बांधलेत तिचे.

शनिवारी तुम्ही गा. मी ताल धरीन, तोंड उघडणार नाही. तो शब्द माझ्याकडून यायचा नाही, आणि माझा शब्द लागला तर ती तिथे अडखळेल, माणसं बघतील. मोतिया रंगाची साडी नेसा, आमच्याकडे पांढरी चालत नाही अशा वेळी. उठा आता. नाही, काही बोलू नका, पाया पडू नका, उठा. मागच्या दारानं नाही, तिकडून गॅरेजवरून जावं लागतं. पुढच्या दारानं जा. तुम्हाला बघितलं तर ती थांबेल.